बत्तीस बारांपैकी आठ

रविवार, १४ जून १९७०. सकाळी नऊ वाजता नागपुरात अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या व्हरांड्यात मी तीनशे रुपये मोजून दिले. हजर चौघे: मी, माझी बायको, ज्यांच्याकडून मी जुना आल्टो सॅक्सोफोन घेत होतो ते मास्टर, आणि त्यांची मोठी बहीण. किंमत सातशे ठरली होती. तीनशे रोख, मग दरमहा पंचवीस असे बारा महिने, म्हणजे आणखी तीनशे. राहिलेले शंभर कधी द्यायचे, यावर पाऊण तास गेला.

सातशेत शिकवणीही धरलेली होती. मास्टर मालगाडीवर गार्ड होते, शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटे बसायचे, आणि दर शनिवारी संध्याकाळी वसाहतीतल्या नाचाच्या हॉलमध्ये त्यांचा पाच जणांचा बँड वाजवायचा. ते म्हणाले, एका वर्षात बोटं बसतील, दोन वर्षांत कान उघडतील, आणि त्यानंतर बाबू जॅझ वाजवेल, म्हणजे स्वतःच्या मनचं वाजवेल. मी लेखा शाखेत कारकून, म्हणून मी बाबू.

बायकोने सगळ्यांसमोर मला विचारलं, "शिंप्याले आपन शिलाई आधी देतो काय? कपडा अंगाले आला की मंग देतो. हे बी तसंच करा."

मास्टरांच्या बहिणीने ते त्यांना हिंदीत समजावून सांगितलं. मास्टर खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "अंगाला आला हे ठरवणार कोण?"

"हेच ठरवतील," बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली. "भाजीवाल्याकडून दहा पैसे जास्त आले तं हे सायकल काढून परत देऊन येतात. यायले खोटं बोलता येत नाही."

मास्टर म्हणाले, "मंजूर."

मी कागद केला. बाबूने लोकांसमोर स्वतःच्या मनचे बत्तीस बार, म्हणजे चालीची एक पूर्ण फेरी, वाजवले की उरलेले शंभर रुपये देय होतील. मास्टरांनी पेन्सिलने सही केली. मी त्यांना शाईचं पेन दिलं आणि पुन्हा करायला लावली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मास्टर आणि त्यांची बहीण नागपुरी हिंदीत बोलायचे. इथे मी ते मराठीत लिहितो आहे. फक्त मास्टरांचे तीन शब्द तसेच ठेवणार आहे, कारण पुढचं सगळं त्या तीन शब्दांवरून झालं.

मी या वाद्याच्या नादी कसा लागलो ते सांगतो. कचेरीतून परतताना एका शनिवारी सायकल पंक्चर झाली. हॉलच्या खिडकीजवळच पंक्चरवाला बसायचा. आत एक चाल वाजत होती, साधी, दोनदा ऐकली की ध्यानात राहील अशी. मग बाकीचे मागे सरले आणि सॅक्सोफोनवाल्याने ती चाल सोडून दिली. तो भलतंच वाजवू लागला. मला वाटलं, चुकला. सवयीने मी मोजत होतो. चार मात्रांचा एक बार, आठ बारांचा एक तुकडा, असे चार तुकडे. बत्तीस बार संपले आणि तो माणूस बरोबर पहिल्या चालीच्या पहिल्या सुरावर परत आला. ना एक मात्रा कमी, ना एक जास्त. दुसऱ्या फेरीतही तेच. पंक्चरवाल्याने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे मी पैसे काढले. इतकं सैल सुटून इतकं बरोबर परत यायचं, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

पण घरात एक अडचण होती, आणि ती पैशाची नव्हती.

माझे वडील सनई वाजवायचे. पारशिवनीकडच्या आमच्या गावात ते आमच्या घराचं कामच होतं. लग्न कोणाचंही असो, मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं, सांगतील ते वाजवायचं, थांब म्हटलं की थांबायचं, आणि सगळे उठल्यावर वेगळं बसून जेवायचं. बोटं कशी ठेवायची ते त्यांनी मला लहानपणी शिकवलं होतं. पुढे ते नागपुरात गिरणीत लागले. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली. त्याच दिवशी घरी आल्यावर बाबांनी सनई धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्यानंतर त्यांनी कुठल्याही वाद्याला हात लावला नाही. रस्त्यात लग्नाचा बँड दिसला तर ते दुसऱ्या फुटपाथवर जायचे.

त्या रविवारी मी सॅक्सोफोनची पेटी घेऊन घरात शिरलो तेव्हा ते खाटेवर बसून पेपर वाचत होते. पेटी उघडायला लावली.

"आम्ही जे खाली ठेवलं, थे तू काहून उचलून राहिला गा?"

मी म्हटलं, "बाबा, यात दुसऱ्यानं सांगितलेलं वाजवत नाहीत. यात आपलं आपण वाजवतात. जागेवर करून."

"कोनाच्या दारात?"

"दारात नाही. हॉलमध्ये. लोक तिकीट काढून येतात."

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "मंग तुह्यं तू केलेलं असन, त्या दिवशी ऐकव मले. तोवर मी घरात असताना वाजवू नको."

म्हणजे माझे करार दोन होते, एक कागदावर आणि एक तोंडी. बाबांची पाळी सकाळची असली की मी संध्याकाळी वाजवत नसे, रात्रपाळी असली की सकाळी नाही. हे साडेतीन वर्षं पाळलं. एकदाही मोडलं नाही.

मास्टर रविवारी आठ ते दहा शिकवायचे. फक्त रविवारी. मधल्या वारी यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. ड्युटीवरून येऊन मी झोपतो, ते म्हणायचे. दुसरा नियम, काही लिहायचं नाही. "लिहिलंस की पुढच्या वेळी तेच वाचून दाखवशील. आज वाजवलेलं आज टाकून द्यायचं. उद्या उद्याचं."

शिकवणारे ते चांगले होते, हे मी नाकारणार नाही. पहिला महिना त्यांनी मला फक्त तीन सूर दिले. या तिन्हीत बत्तीस बार काढ, म्हणाले. आठव्या बारापर्यंत मी संपलो. "आता थांब," ते म्हणाले. "थांबणंही मोज. गप्प राहिलेला बार हाही बारच असतो." मग चाल जशीच्या तशी वाजवायची, मग तिच्यातले सूर गाळत जायचे, मग गाळलेल्या जागी दुसरं काही ठेवायचं. चौथ्या महिन्यापासून ते मध्येच वाद्य तोंडाला लावायचे, डोळे मिटायचे आणि चार बारांचा एक तुकडा वाजवायचे. कधी आठ बारांचा. असा तुकडा, की अंगावर काटा यायचा. डोळे उघडून म्हणायचे, "ये अभी आया." मग मला तो परत परत वाजवायला लावायचे, माझ्या बोटात बसेपर्यंत. "हा आता तुझा. याला पुढे ने."

मी पुढे न्यायचो. निदान तसं समजायचो. प्रत्यक्षात मी दोन बार पुढे जायचो आणि पुढचा तुकडा त्यांनाच यायचा. ये अभी आया.

आता माझी चूक. लिहायचं नाही हा नियम मी पहिल्याच महिन्यात मोडला. माझ्यासारख्या माणसाला न लिहिता राहणं जमत नाही. जे लिहिलेलं नाही ते हरवणार, ही माझी नोकरीची शिकवण. सीताबर्डीवरून दोनशे पानांची वही आणली. पानाला बत्तीस घरं आखली, प्रत्येक घरात चार मात्रा, म्हणजे एक पान एक फेरी. दर रविवारी दुपारी जेवण झालं की त्या दिवशीचे तुकडे सारेगमच्या अक्षरांत उतरवायचो, वर तारीख टाकायचो. बायको म्हणायची, "लोकं गानं ऐकतात, आमच्या घरी त्याची जमाखर्चाची वही होते." मी ती वही मास्टरांना कधी दाखवली नाही. ही लबाडी माझ्या नावावर लिहिलेलीच आहे, ती मी खोडत नाही.

नोव्हेंबर १९७३ मध्ये मास्टर म्हणाले, नाताळच्या नाचाला तू माझ्याशेजारी उभा राहा, एक फेरी तुझी. सहा रविवार आम्ही त्या एका फेरीवर घालवले. मधूनच ते डोळे मिटायचे, तुकडा यायचा, मी तो घ्यायचो. सहाव्या रविवारी बत्तीस बार भरले. मी विचारलं, "मास्टर, हे माझं म्हणायचं का?"

"मग कोणाचं? जागेवर झालं ना? तू होतास, मी होतो, आणखी कोण होतं?"

मी बाबांना सांगितलं. शनिवारी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. तिकीट त्यांनी स्वतःच्या पैशाने काढलं, मला काढू दिलं नाही. हॉलमध्ये सूटबूटवाली जोडपी नाचत होती. बाबा आणि बायको भिंतीशी लागून खुर्च्यांवर बसले होते, पाय जवळ घेऊन. मास्टरांनी माझ्याकडे मान वळवली. बँडमध्ये ज्याच्याकडे मान वळते त्याची पाळी, अशी ती पद्धत होती. मी एक पाऊल पुढे आलो आणि बत्तीस बार वाजवले. नाचणारी दोन जोडपी थांबून ऐकू लागली होती. टाळ्या पडल्या.

परत येताना सायकली हातात धरून आम्ही पायीच चाललो होतो. बाबांनी विचारलं, "हे कोनी सांगतलं होतं काय?"

"नाही बाबा. मी आणि मास्टरांनी जागेवर केलं."

"तुले कोनी थांब म्हनलं नाही."

"नाही."

दुसऱ्या दिवशी उठलो तर बाबा अंगणात उन्हात बसले होते, हातात माझ्या सॅक्सोफोनची रीड आणि अर्धं ब्लेड. फुंकायची ती वेताची पट्टी. माझी एक जाड पडून वाया गेली होती. ती ते टोकाशी तासत होते, उजेडात धरून पाहत होते.

"याची जीभ जाड होती," ते म्हणाले. "म्हनून वरचा सूर फुटत होता. तुले ऐकू नाही आलं काय?"

सतरा वर्षांनी त्यांनी वाद्याच्या कामाला हात घातला होता. बायको दारातून बघत होती. तिने मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. तेव्हापासून दर महिन्याला रीड तेच तासायचे. चार रुपयांची रीड दुप्पट टिकू लागली. मी घरात कधीही वाजवू लागलो. एखाद्या वेळी पेपरमागून म्हणायचे, "हे मागच्या वेळी वेगळं होतं, होय ना?" आणि त्यांना ते आवडलेलं असायचं.

त्या शंभर रुपयांचा विचार मी नाताळनंतर लगेच केला होता. कागदाप्रमाणे ते देय झाले होते. पण फेरीत किती बार माझे आणि किती मास्टरांचे, ते आधी वहीवरून काढावं, म्हणजे उगाच फुशारकी नको, असं ठरवलं. कागदावर 'स्वतःच्या मनचे' असं होतं. म्हणून फेब्रुवारी १९७४ मध्ये मी वही पहिल्यापासून तपासायला घेतली. एकशे चौतीस पानं भरली होती.

एकेचाळिसाव्या पानावर ऑगस्ट १९७१ चा एक तुकडा होता. तोच तुकडा एकशे अठराव्या पानावर होता, गेल्या नोव्हेंबरच्या तारखेचा. एकेक मात्रा पडताळली. सगळ्या जुळल्या. मधे श्वास घ्यायची जागासुद्धा, कारण मी श्वासाला टिंब द्यायचो. दोन्हीकडे मी समासात लिहून ठेवलं होतं: 'आत्ता सुचलेलं.'

मी स्वतःला सांगितलं, माणूस बोलतानाही तेच वाक्य परत बोलतो. पण तपासणी चालू ठेवली. चार दिवसांत अशा अकरा जोड्या सापडल्या. लाल पेन्सिलने खुणा केल्या. दोनदा सुचलेलं एखाद्या वेळी जुळेल. अकरा वेळा, टिंबासकट, जुळत नाही. आमच्या शाखेत अशी अकरा बिलं सापडली असती तर मी काय टिपण लिहिलं असतं, ते मला माहीत होतं.

मग पहिल्यांदा मी त्यांचा रविवारचा नियमही मोडला. गुरुवारी कचेरीतून अर्धी रजा घेतली आणि दुपारी तीनला क्वार्टरवर गेलो. मास्टरांना भेटून सरळ विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. फाटकाशी पोचलो आणि आतून माझी फेरी ऐकू आली. नाताळची फेरी. वाजवण्यात मास्टरांपेक्षा कितीतरी जास्त सफाई होती. मागे पियानो होता, आणि मास्टरांकडे पियानो नव्हता.

दार उघडंच होतं. मास्टरांची बहीण फडक्याने कपाट पुसत होती आणि टेबलावर ग्रामोफोन फिरत होता. मला पाहून दचकल्या.

"तो लाइनवर गेलाय. तुला रविवारचं सांगितलंय ना त्याने?"

मी म्हटलं, "मिस, हे परत लावता का? सुरुवातीपासून?"

त्यांनी सुई उचलून पुन्हा ठेवली. मी उभा राहून मोजलं. आधी चाल, मग सॅक्सोफोनची फेरी. बत्तीस बार. माझे बत्तीस बार. हा वेगळा म्हणून एकाही बारावर मी बोट ठेवू शकलो नाही.

त्या माझ्याकडे पाहत होत्या. फडकं हातात तसंच होतं. "तुला सांगितलं नव्हतं त्याने?"

"काय?"

"ड्युटीवरून आला की तो हेच करतो. सुई उचलतो, ठेवतो, उचलतो, ठेवतो. एकेक रेकॉर्ड झिजवलीय. शनिवारी जे वाजवायचं ते सगळं यातलं." पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. त्यांनी ती पायाने पुढे ओढली. सतरा रेकॉर्डी होत्या. "मला वाटलं तुला माहीत आहे. चार वर्षं येतोस."

त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं. फाटकापर्यंत माझ्यामागे आल्या आणि म्हणाल्या, "मी लावली होती असं नको सांगू त्याला." मी म्हटलं, नाही सांगत. आणि सांगितलंही नाही. ग्रामोफोन फाटकाबाहेर ऐकू येतो, एवढंच म्हटलं.

रविवारी मी वही घेऊन गेलो. टेबलावर उघडून ठेवली. मास्टरांनी पानं उलटली. सारेगम त्यांना वाचता येत नव्हती, पण तारखा येत होत्या आणि लाल खुणा दिसत होत्या.

"तू लिहिलंस?" त्यांचा आवाज चढला. "चार वर्षं? माझ्या पाठीमागे?"

"लिहिलं. ती माझी चूक. आता तुम्ही सांगा, हे कोणाचं आहे?"

"फसवलंस तू मला, बाबू."

"मास्टर, ट्रंकेत सतरा रेकॉर्डी आहेत."

ते खुर्चीवर बसले. वाद्याच्या कळा दाबत राहिले, न फुंकता. मग म्हणाले, "मला येत नाही. कधीच आलं नाही. ब्रेकव्हॅनमध्ये एकटा बसून तीस वर्षं प्रयत्न केला. दुसऱ्याचं ऐकून उचलता येतं, ते मी कोणापेक्षाही चांगलं उचलतो. पण माझं म्हणून चार सूर येत नाहीत. तुला रेकॉर्ड म्हणून दिलं असतं तर तू कारकुनासारखा उतरवत बसला असतास. मला वाटलं, हवेतून आलं म्हटलं तर तुला विश्वास बसेल की असं येतं. आणि मग तुला येईल."

"आणि आलं नसतं तर?"

"तर काय? लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"माझ्या बाबांना मी सांगितलं की ते माझं आहे."

"म्हाताऱ्याला आवडलं ना?" मास्टर म्हणाले. "मग त्याला काय फरक पडतो?"

मी वही मिटली. त्यांच्या बाकीच्या बोलण्याचा मी नंतर खूप विचार केला आहे आणि त्यातलं काही मला खरंही वाटतं. या एका वाक्याचा विचार करायची गरज मला कधी पडली नाही.

घरी आलो तर बाबा अंगणात रीड तासत होते. नवीन होती. मला ते थांबवता आलं नाही. काम पूर्ण होईपर्यंत मी शेजारी बसून राहिलो आणि मग सगळं सांगितलं. रेकॉर्ड, ट्रंक, वही. मी खोटं बोललो नव्हतो, मलाच खोटं दिलं होतं, हे दोनदा सांगितलं.

बाबांनी रीड माझ्या हातात दिली. ब्लेड कागदात गुंडाळलं.

"म्हनजे तुले बी सांगतलेलंच वाजवाले लावलं," ते म्हणाले. "आमाले निदान ठाऊक होतं गा, की हे दुसऱ्याचं होय."

ती त्यांनी तासलेली शेवटची रीड. पुन्हा ते घरात असताना वाजवू नको, असं काही म्हणाले नाहीत. मी वाजवायला घेतलं की ते चप्पल घालून बाहेर जायचे. बायको एकदा त्यांना म्हणाली, "मामाजी, त्यायची काय चूक आहे?" ते म्हणाले, "त्याची चूक नाही वं. माह्या कानाची आहे. मी ओळखाले पाह्यजे होतं."

ईस्टरनंतरच्या शनिवारी हॉलमध्ये नाच होता आणि मी वाजवणार असं आधीच कबूल केलं होतं. कबूल केलेलं म्हणून गेलो. मास्टरांशी बोललो नाही. बाबांना यायचं का विचारलं होतं. ते म्हणाले, पाळी आहे. पाळी नव्हती.

माझी वेळ आली, मास्टरांनी मान वळवली. मी ठरवलं होतं की रेकॉर्डमधलं काहीही वाजवायचं नाही. पण बोटांना चार वर्षांची सवय होती. पहिला सूर लागला आणि ती आपली आपण त्याच वाटेने निघाली. आठ बार, सोळा, चोवीस. मी ऐकत होतो आणि मला थांबवता येत नव्हतं. चोवीस संपले तेव्हा मी वाद्य तोंडातून काढलं. मागे ताल चालू होता. दोन बार मी नुसता उभा होतो. नाचणाऱ्यांपैकी एकजण माझ्याकडे बघून हसला, त्याला वाटलं विसरलो. मग मी वाद्य परत लावलं आणि तीन सूर वाजवले. मास्टरांनी पहिल्या महिन्यात दिलेले तीन सूर. त्यांच्यातच सहा बार काढले. सुंदर नव्हतं. एका जागी सूर चिरकला, जीभ जाड असावी. पण पुढे काय येणार ते मला माहीत नव्हतं, आणि कोणालाच नव्हतं. बत्तिसावा बार संपला आणि मी चालीच्या पहिल्या सुरावर बरोबर परत आलो. मास्टर वाजवायचे थांबून माझ्याकडे पाहत होते. टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या.

घरी येऊन ते आठ बार लिहिले आणि वहीतल्या सगळ्या पानांशी ताडून पाहिले. कुठेही नव्हते. सकाळी बाबांना सांगितलं, "बाबा, काल आठ बार माझे होते."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी नव्हतो ना तिथं."

"आता वाजवून दाखवतो."

"आता तं तुले पाठ झालं असन," ते म्हणाले.

ते बरोबर होतं. मला पाठ झालं होतं. बाबा १९७७ मध्ये वारले. मधल्या तीन वर्षांत मी एकदाही त्यांना काही ऐकवू शकलो नाही. त्या हॉलमध्ये मी परत गेलो नाही, आणि दुसरा बँड मला माहीत नव्हता. घरात एकटा वाजवतो, त्यात कधी चार बार माझे असतात, कधी एकही नाही. पण कागदात 'लोकांसमोर' असं आहे, तेव्हा ते धरत नाही.

मास्टर जानेवारी १९८१ मध्ये गेले. मला दोन आठवड्यांनी कळलं. मार्चमध्ये त्यांच्या बहिणीने निरोप पाठवला की क्वार्टर सोडून जबलपूरला भाचीकडे जाते आहे, एकदा ये. गेलो. व्हरांड्यात बांधलेलं सामान होतं, ती पत्र्याची ट्रंकही. खुर्ची एकच उरली होती. मला बसायला सांगून त्या स्वतः ट्रंकेवर बसल्या.

"शेवटपर्यंत म्हणायचा, बाबूकडे शंभर बाकी आहेत," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी तो आणून देईल त्या दिवशी मला कळेल की मी कोणाला तरी शिकवलं. मी म्हणायचे, जाऊन माग ना. म्हणायचा, मागून घेतले तर काय कळणार?"

मी कागद काढून त्यांना वाचून दाखवला. मग सांगितलं की बत्तीसपैकी चोवीस बार रेकॉर्डचे होते. आठ माझे. त्यातले दोन गप्प होते, पण गप्प राहिलेला बार धरायचा हे मास्टरांनीच शिकवलं आहे, म्हणून धरले. आठ म्हणजे चौथा हिस्सा.

त्यांनी नोटा हातात घेऊन पाहिल्या. "पंचवीस?"

"पंचवीस."

"तो असता तर भांडला असता," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "ते आठ, ते खरंच तुझे होते?"

"हो."

त्यांनी नोटा पर्समध्ये ठेवल्या आणि मी कागदावर दिलेली रक्कम लिहून त्यांची सही घेतली. शाईने. एकूण दिले सहाशे पंचवीस. पैकी शेवटचे पंचवीस रुपये मास्टरांच्या बहिणीला, त्यांच्या हातात. उरलेले पंचाहत्तर देय झाले नाहीत.